साडेसातशे नको

ॲन आर्बर, मिशिगन

चि. बाळ,

तुझं पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले. 1970 ची शेव्हेल मॅलिबू, 350 घनइंचाचं इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक आणि वर अजून कारखान्यातून आलेला टू-बॅरल रोचेस्टर कार्ब्युरेटर! इतकी वर्षं कुणी त्यात हात घातला नाही, हेच मोठं भाग्य समज. आता तुला फोर-बॅरल बसवायचाय. जरूर बसव. पण यादीत तू 750 सीएफएमचा डबल पंपर आणि रेसचा सिंगल-प्लेन मॅनिफोल्ड लिहिलायस, ते वाचून लगेच लिहायला बसलो. पैसे भरण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

पहिला प्रश्न गाडी किती धावू शकेल हा नाही, ती रोज कुठे धावते हा आहे. तू लिहितोस की मागच्या ॲक्सलचा रेशो 2.73 आहे. 26 इंची टायर धरले तर हायवेवर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला साधारण 2,500 फेरे घेईल. गावात त्याहून कमी. म्हणजे गाडीचं जवळजवळ सगळं आयुष्य हजार ते तीन हजार फेऱ्यांत जाणार. साडेपाच हजार तू वर्षातून कितीदा बघशील?

आता हिशेब मांडू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. घनइंचांना फेऱ्यांनी गुणून 3,456 ने भागलं की मिनिटाला किती घनफूट हवा लागते, म्हणजे सीएफएम, ते मिळतं. साडेपाच हजार फेऱ्यांना 557. तेही सिलिंडर काठोकाठ भरले तर. साध्या रस्त्याच्या इंजिनात ते 85 टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणून सुमारे 475. आणि अडीच हजार फेऱ्यांना, पाय पूर्ण दाबला तरी, 253 च्या वर नाही. क्रूझिंग करताना थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, तेव्हा तर त्याचा लहानसा भाग. या इंजिनावर 750 कशासाठी?

मोठा घेतला तर बिघडतं काय, असं तू विचारशील. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पंपाच्या जोरावर वर येत नाही. व्हेंच्युरीच्या अरुंद घशातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं. दाबातली ही घट हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: वेग निम्मा झाला की ओढ पाव होते. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी संथ होतं, तसंच घसा रुंद केलास की हवा मंदावते. मग मुख्य जेट उशिरा सुरू होतो, थेंब जाडे पडतात, काही सिलिंडरला ओलं मिश्रण जातं तर काहींना कोरडं. सिग्नल हिरवा होतो, तू पाय दाबतोस आणि गाडी एक क्षण दम टाकते. तो दोष झाकायला लोक ॲक्सिलरेटर पंपाचं पेट्रोल वाढवत बसतात, प्लग काळे करतात आणि ॲव्हरेज घालवतात. लहान कार्ब्युरेटरने फार तर अगदी वरच्या टोकाला थोडी ताकद कमी मिळेल. मोठ्याने रोजची मजा जाते.

डबल पंपर वाईट नाही. हलकी गाडी, हाताचे गिअर, मागचा रेशो 3.73 किंवा त्याहून खोल, तिथे तो उत्तम चालतो. त्यात मागची दोन बॅरल तुझ्या पायाला बांधलेली असतात, इंजिनाला हवा हवी असो वा नसो. तुझ्या जड, ऑटोमॅटिक शेव्हेलला व्हॅक्यूम सेकंडरी हवी. तिथे मागची बॅरल डायफ्रॅम उघडतो, तोही पुढच्यांतून हवेचा ओघ पुरेसा वाढल्यावरच. किती उघडायचं ते इंजिन स्वतः ठरवतं.

तुला 600 सीएफएमचा फोर-बॅरल पुरे. तुझ्या टू-बॅरलवर 350 सीएफएमच्या आसपास आकडा असेल तर तो या 600 शी थेट ताडून पाहू नकोस. टू-बॅरल पाऱ्याच्या तीन इंच दाबफरकाला मोजतात, फोर-बॅरल दीड इंचाला. टू-बॅरलच्या आकड्याला 1.41 ने भागलं की दोन्ही एका मापात येतात. म्हणून 600 वर जाणं हीसुद्धा तुझ्या इंजिनासाठी मोठी उडी आहे.

आता मॅनिफोल्ड. माझ्या मते निम्मं काम तोच करतो, आणि लोक त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघतात. शेवरलेच्या या इंजिनाची फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. दर 90 अंशांना एक सिलिंडर श्वास घेतो. ड्युअल-प्लेन मॅनिफोल्डमध्ये खाली दोन वेगळ्या खोल्या असतात: एक 1, 4, 6, 7 ला हवा देते, दुसरी 8, 3, 5, 2 ला. ऑर्डर पुन्हा वाच, एक सोडून एक सिलिंडर येतो. म्हणजे प्रत्येक खोलीवर 180 अंशांनी एकच ओढ, स्वच्छ आणि जोरकस, शेजाऱ्याची त्यात लुडबुड नाही. वाटाही लांब, त्यामुळे खालच्या फेऱ्यांत सिलिंडर छान भरतात. हे ज्यांनी प्रथम कागदावर जुळवलं असेल त्यांना मी मनोमन नमस्कार करतो. सिंगल-प्लेनमध्ये आठही वाटा एकाच मोकळ्या खोलीत उघडतात, आखूड आणि सरळ. सहा-सात हजार फेऱ्यांना तेच हवं. अडीच हजारांना तिथे एकाची ओढ दुसरा खातो आणि कार्ब्युरेटरला मिळणारा इशारा पुसट होतो.

एडलब्रॉकचं नाव तुझ्या यादीत आहे, ते राहू दे. विक एडलब्रॉकने 1938 मध्ये लॉस एंजेलिसला फोर्डच्या फ्लॅटहेडसाठी 'स्लिंगशॉट' मॅनिफोल्ड बनवला, तेव्हापासून हे त्यांचं घरचं काम आहे. त्यांचा साधा परफॉर्मर आयडलपासून साडेपाच हजारांपर्यंतचा. परफॉर्मर आरपीएम दीड हजारापासून साडेसहा हजारांपर्यंतचा. तुझा कॅमशाफ्ट मूळचा आहे, म्हणून साधा परफॉर्मर घे. आरपीएम उंचही आहे, बॉनेट लागेल की नाही ते मोजत बसावं लागेल.

आणखी एक कारण, हे तुमच्या ओहायोच्या आणि आमच्या मिशिगनच्या थंडीसाठी. रस्त्याच्या मॅनिफोल्डमध्ये कार्ब्युरेटरच्या खालून एक्झॉस्टची गरम वाट जाते. थंड सकाळी मॅनिफोल्डच्या तळाशी साचणारं पेट्रोल तिच्यामुळे उडतं आणि इंजिन अडखळत नाही. रेसच्या मॅनिफोल्डला ही वाट नसते. उन्हाळ्यात मात्र तीच उष्णता त्रास देते: आजच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं, इंजिन बंद केल्यावर ते वाटीत उकळतं आणि गाडी गरम असताना लवकर चालू होत नाही. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर टाक. तेवढी उंची बॉनेटखाली आहे ना ते आधी बघ.

कार्ब्युरेटर कुठला? मनापासून विचारशील तर रोचेस्टरचा क्वाड्राजेट. जनरल मोटर्सने तो 1965 मध्ये आणला. पुढची दोन बॅरल जेमतेम 1⅜ इंच, मागची दोन चांगली 2¼ इंच. हळू चालताना लहान घशांतून वेगवान हवा, पाय दाबला की मागचे मोठे दरवाजे, आणि त्यावरची हवेची झडप ओघाप्रमाणे उघडते. रस्त्यासाठी याहून शहाणी रचना मी पाहिली नाही. पण पन्नास वर्षं वापरलेल्या नगाची थ्रॉटल शाफ्टची बोअर झिजलेली असतात, तळाचे प्लग पाझरतात, आणि नीट दुरुस्त करणारे हात आता थोडे उरलेत. चांगल्या हातचा मिळाला तर घे; मॅनिफोल्डला त्याचे बोल्ट आणि भोकं जुळतात का ते मात्र विकणाऱ्याला आधी विचार.

नाहीतर एडलब्रॉकचा 600, इलेक्ट्रिक चोकचा. ती मूळची 1957 च्या कार्टर एएफबीची घडण. मीटरिंग रॉड वरूनच बदलता येतात, झाकण काढावं लागत नाही, शिकणाऱ्याला हे फार सोयीचं. हॉलीचा व्हॅक्यूम सेकंडरी 600 ही तितकाच चांगला, सुटे भाग तर त्याचे कुठेही मिळतात, पण जेट बदलायला पेट्रोलची वाटी उतरवावी लागते. तुझा हात बसेपर्यंत पहिला बरा. फक्त पेट्रोलचा दाब मोज. साडेपाच पीएसआय ठीक, साडेसहाच्या वर गेला की सुई तग धरत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो.

ऑर्डर देण्याआधी व्हॉल्व्ह कव्हर काढून हेडवरचा कास्टिंग नंबर वाच. मधल्या काळात कुणी इंजिन बदललं असेल तर घोळ होईल: 1987 पासूनच्या हेडवर मॅनिफोल्डच्या मधल्या बोल्टांचा कोन वेगळा आहे, आणि 1996 च्या व्होर्टेक हेडला तर मॅनिफोल्डच निराळा लागतो.

बसवताना डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटरची दिशा खूण करून ठेव. मधल्या दरीत स्वच्छ फडकं पसर, आत वॉशर पडला तर रडू येईल. पुढच्या-मागच्या टोकांना किटमधली रबरी पट्टी न लावता सिलिकॉनची जाड रेघ ओढ. बोल्टच्या आट्यांना सीलंट, मधून बाहेर अशा क्रमाने 30 फूट-पौंड, आणि इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा. चोकची वायर इग्निशन कॉइलवरून घेऊ नकोस, चावीवर चालणारे स्वतंत्र 12 व्होल्ट दे. गिअरबॉक्सची किकडाउन केबल नव्या थ्रॉटलला नीट जोड. मॉड्युलेटरची नळी थेट मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर. ही विसरली की गिअर उशिरा आणि दणक्याने पडतात, आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो.

ट्यूनिंगला बसशील तेव्हा आधी स्पार्कचं टायमिंग, मगच मिश्रणाचे स्क्रू. व्हॅक्यूम गेज लाव. मूळ कॅमवर आयडलला 17 ते 20 इंच दिसायला हवेत. काटा खाली राहिला तर स्क्रू फिरवू नकोस, कुठेतरी हवा शिरतेय, आधी ती शोध.

ताकदीचं एक सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. 1970 च्या माहितीपत्रकात टू-बॅरल 350 ची 250 अश्वशक्ती आणि फोर-बॅरलची 300 लिहिली होती. पण दुसऱ्याचं कॉम्प्रेशन 10.25 होतं, पहिल्याचं 9. तो सगळा पन्नासांचा फरक कार्ब्युरेटरचा नव्हे. तुला मिळेल ती हायवेवर ओव्हरटेक करतानाची मोकळीक आणि पाय दाबताच येणारं उत्तर. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

पुण्यात आपल्या फियाटला होता तोच कार्ब्युरेटर उघडायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. निवडायला काही नव्हतंच. तुला निवडायला मिळतंय, म्हणून मला इतकी कळकळ.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. आमच्याकडेच उतर. तिथे तासन्‌तास पायी चालण्याच्या वेगाने सरकावं लागतं, म्हणून त्याआधी रेडिएटरही साफ करून घे. काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड आणि टू-बॅरल तेल लावून, पिशवीत बांधून ठेव, विकू नकोस. हेडचा नंबर मिळाला की फोन कर, तोवर काही मागवू नकोस.

काकूचे आशीर्वाद.

तुझा
काका