ओपांची वही

मुलांनो, जोडून सुट्ट्या आल्या की तुम्ही मामाच्या किंवा खालाच्या गावी जाता. आम्ही दोघी एकदा अशाच सुट्टीत परदेशात जाऊन आलो. 2023 साली 28 सप्टेंबरला, गुरुवारी, अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका एकाच दिवशी येऊ नयेत म्हणून आपल्या राज्यात ईदे मीलादची सुट्टी 29 तारखेला दिली गेली. पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. शनिवारची एक रजा टाकली की पाच दिवस मोकळे!

माझी एक मैत्रीण आहे. बी.एड.ला आम्ही एकाच बाकावर बसत होतो. ती गणित शिकवते, मी मराठी. तिने कॅलेंडर पाहिले आणि म्हणाली, "चल, समरकंदला जाऊ या. मला उलुगबेगची वेधशाळा पाहायची आहे."

"दोघीच?" अम्मीने विचारले. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला, तेव्हाच मी समजले की परवानगी मिळाली.

समरकंद उझबेकिस्तान या देशात आहे. दिल्लीहून राजधानी ताश्कंदला विमानाने साधारण तीन तास लागतात. ताश्कंदचे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे 11 जानेवारी 1966 रोजी तेथेच निधन झाले. ताश्कंदहून वेगवान आगगाडीने आम्ही सव्वादोन तासांत समरकंदला पोहोचलो. वाटेत कापसाची शेते दिसत होती. मला तर आपल्या विदर्भाची आठवण झाली.

गावात पाऊल ठेवले आणि कान टवकारले. बाजार, दोस्त, किताब, नान! उच्चार थोडे वेगळे, पण शब्द आपलेच. शाळेला तेथे 'मक्तब' म्हणतात आणि थोरल्या बहिणीला 'ओपा'. आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे ओपाच म्हणत. त्यांचे वय सत्तरीच्या आसपास. अंगणात तुतीचे मोठे झाड होते आणि त्याच्या बुंध्यावर चुन्याची पांढरी खूण होती. पाहुण्यांसाठी आणखी एक खोली बांधायची म्हणून ओपांचा मुलगा ते झाड तोडणार होता.

शनिवारी आम्ही रेगिस्तान चौक पाहिला. तीन बाजूंना तीन भव्य मदरसे आणि त्यांवर निळ्या फरशांची नक्षी. पैकी पहिला मदरसा सुलतान उलुगबेगने 1417 ते 1420 या काळात बांधला. हा सुलतान स्वतः गणिती होता. त्याने डोंगरावर वेधशाळा उभारली आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी तयार केली. त्याची कोष्टके पुढे जयपूरच्या सवाई जयसिंगालाही उपयोगी पडली. 1449 मध्ये त्याच्या स्वतःच्या मुलाने त्याला मारवले. वेधशाळा उद्ध्वस्त झाली आणि तिचे अवशेष थेट 1908 साली सापडले. आता तेथे जमिनीत उतरणारी दगडी कमान तेवढी दिसते. मैत्रीण त्या कमानीपाशी इतका वेळ उभी राहिली की रखवालदाराने येऊन दोनदा पाहिले.

रात्री जेवण झाल्यावर ओपांनी कापडात गुंडाळलेली एक वही आमच्यासमोर ठेवली. सकाळी मी मदरशाच्या भिंतीवरची अक्षरे वाचत होते, ते त्यांच्या नातीने पाहिले होते. वही ओपांच्या आजोबांची होती. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती. याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण त्या देशाची लिपी एका शतकात तीनदा बदलली. आजोबांच्या वेळी उर्दूसारखीच अरबी लिपी होती. मग रोमन आली. 1940 च्या सुमारास रशियन आली आणि 1993 च्या कायद्याने पुन्हा रोमन. मधल्या कडक काळात अरबी अक्षरांची वही घरात सापडणे धोक्याचे होते. लोकांनी पुस्तके पुरली, भिंतीत चिणली. ही वहीही भिंतीतच सापडली होती.

मी वाचू लागले. अक्षर घाईचे, नुक्ते कोठे आहेत तर कोठे नाहीत. आणि भाषा फारसी! मला अक्षरे कळत होती, अर्थ कळत नव्हता. ओपांना अक्षर एकही कळत नव्हते, पण मी अडखळत उच्चारलेला शब्द त्या लगेच ओळखत. त्या अर्थ नातीला सांगत आणि नात मोडक्या इंग्रजीत आम्हाला. बहुतेक पाने हिशेबाची होती. गहू, मीठ, उधारी. मध्यरात्र झाली, तेव्हा वही अर्धीच झाली होती.

सकाळी आम्हाला बुखाऱ्याची गाडी गाठायची होती. तिकिटे काढलेली होती. मी म्हणाले, "मी थांबते, तू जा."

मैत्रीण भडकली. "तीन वर्षे पैसे साठवले मी. बुखारा पुन्हा या जन्मात दिसणार आहे का? आणि एकटी कशी जाऊ?"

तिचे म्हणणे चूक नव्हते. तरीही मी थांबले आणि माझ्यामुळे तिलाही थांबावे लागले. सकाळभर ती माझ्याशी बोलली नाही.

तो 1 ऑक्टोबरचा दिवस होता. त्या देशात हा शिक्षक दिन असतो. आम्ही दोघी शिक्षिका आहोत हे कळल्यावर नातीने फुले आणली आणि एक एक आमच्या हातात दिले. मैत्रिणीने फूल घेतले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

दुपारी एका पानावर मी वाचले, "दुख्तर... तूत..." ओपांनी माझा हात धरला. पुन्हा वाचायला लावले. शव्वाल 1344 मध्ये मुलगी झाली, आणि त्याच दिवशी अंगणात तुतीचे रोप लावले, असे तेथे लिहिले होते. ती मुलगी म्हणजे ओपांची आई. आपला जन्म कधीचा, हे त्या माउलीला मरेपर्यंत माहीत नव्हते.

"हिजरी 1344 म्हणजे किती?" मी स्वतःशीच पुटपुटले.

"थांब," मागून आवाज आला. मैत्रिणीने कागद ओढला. "हिजरी वर्ष 354 दिवसांचे. साधारण तेहतीस हिजरी वर्षांची आपली बत्तीस होतात." तिने दोनदा पडताळा घेतला आणि म्हणाली, "1926. एप्रिल किंवा मे."

ओपा उठून अंगणात गेल्या. झाडाला हात लावून उभ्या राहिल्या. मुलाला हाक मारून काहीतरी बोलल्या. त्याने बादली आणली आणि चुन्याची खूण धुऊन काढली.

परतीच्या विमानात मैत्रीण म्हणाली, "बुखारा तू मला देणे लागतेस." मी मान्य केले. ते देणे अजून फिटलेले नाही.

कोकणात आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पणजोबांच्या जमिनीचे कागद आहेत. मराठीच, पण मोडी लिपीत. लहानपणापासून मी ती पेटी पाहत आले. ती उघडून काय करणार, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. घरी आल्यावर पहिल्याच सुट्टीत मी ती खाली काढली. सगळे मिळून अकरा कागद निघाले. मोडीची मुळाक्षरे मी आता वहीत गिरवते. मैत्रीण शेजारी बसून कागदांवरचे आकडे लावते. चौथ्या कागदावर पणजोबांचे नाव आम्हाला सापडले आहे.