बाकावरची माणसं

ऐंशीच्या दशकात वसईजवळच्या आमच्या आगाशीत एक डॉक्टर होते. सैन्यात काही वर्षं काढून आलेले, म्हणून सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणायचे. ते खरोखर मेजर होते की कॅप्टन, हे कोणी कधी विचारलं नाही. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटी. ओटीवर भिंतीला लावलेला एक लांबलचक सागवानी बाक. त्यावर अर्नाळ्याच्या कोळणी, नंदाखालचे वाडीवाले, बोळिंजहून चालत आलेल्या म्हाताऱ्या, सगळे मांडीला मांडी लावून बसायचे. कंपाउंडर प्रत्येकाला नंबर खोदलेला पत्र्याचा बिल्ला द्यायचा. औषध म्हणजे लाल नाहीतर पिवळं मिक्स्चर, आणि बाटलीवर डोस मोजायला चिकटवलेली कागदाची दातेरी पट्टी.

मेजरसाहेबांची एक खोड होती. तीन-चार रुग्ण तपासून झाले की ते खुर्चीवरून उठत, दाराशी येऊन उभे राहत आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत. बोलत काहीच नसत. मग एखाद्याकडे बोट करून म्हणत, "तुम्ही आत या." त्याचा नंबर कितवा आहे, हे ते बघत नसत.

एका पावसाळी संध्याकाळी मी वडिलांबरोबर आजीला घेऊन गेलो होतो. बिल्ला आठ नंबरचा. सातवा माणूस आत होता. तेवढ्यात मेजरसाहेब दाराशी आले आणि त्यांनी नुकत्याच येऊन टेकलेल्या एका बाईला आत बोलावलं. वडील उठले. "साहेब, नंबर आमचा आहे."

"तुमच्या आईला ताप आहे," ते म्हणाले. "त्या बाईला श्वास पुरत नाहीये. बसा."

वडील बसले, पण घरी येईपर्यंत धुसफुसत राहिले. आजीचा ताप दोन दिवसांत उतरला. त्या बाईचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

मेजरसाहेबांच्या त्या नजरेला लष्करी वैद्यकात नाव आहे, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. ट्रायाज. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ निवडणं, वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचा शल्यचिकित्सक होता. जखमींना रणांगणातून लवकर उचलून आणण्यासाठी त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या केल्या आणि एक शिस्त घातली. ज्याची जखम जास्त गंभीर, त्याला आधी घ्यायचं. तो सरदार आहे की साधा शिपाई, हे बघायचं नाही. आज कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग याच तत्त्वावर चालतो. आमच्या ओटीवर ते बिनबोभाट चालायचं, आणि गावाला तो मेजरसाहेबांचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा.

डॉक्टरबद्दल आपली कल्पना तशी हळवी असते. त्याच्या हाताला गुण हवा, त्याने नाडी धरावी, पाठीवर हात ठेवावा, घरी यावं. मात्र तोच डॉक्टर रुग्णाजवळून उठून कचेरीत बसला, अधिष्ठाता झाला, फायली पाहू लागला, की आपण म्हणतो, "आता तो डॉक्टर कुठे राहिला? साहेब झाला." मीही पुष्कळ वर्षं असंच म्हणत आलो. आता मला वाटतं, समोरच्या रुग्णावरची नजर उचलून बाकाकडे पाहणं हासुद्धा वैद्यकाचाच भाग आहे आणि तो अधिक अवघड आहे. समोरचा माणूस निदान बोलतो. बाकावरचा बोलत नाही.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंच पाहा. 10 ऑक्टोबर 1910 चा जन्म, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला 1938 साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस आठवी रूट आर्मी या चिनी सैन्याबरोबर राहिले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटामुळे ही कहाणी घराघरात पोहोचली. पण आपल्या लक्षात राहिला तो त्यांचा त्याग. 1941 साली नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन शल्यचिकित्सकाच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले, चिनी भाषा शिकून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, हे आपण सहसा सांगत नाही. युद्ध चालू असताना एक माणूस फार तर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करील. त्याने दहाजणांना ती शिकवली, तर तो नसतानाही जखमींची सोय होते. कोटणीस गेल्यावरही ते रुग्णालय चालू राहिलं.

कोटणीसांना चारच वर्षं मिळाली. लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकरांना त्याच वाटेवर जवळपास चार दशकं मिळाली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि सैन्यात दाखल झाल्या. विषय निवडला लहान मुलांच्या मूत्रपिंडाचे विकार. रणांगणाशी याचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण जवानालाही लेकरं असतात. मुलांच्या मूत्रपिंडाच्या विकारांत नेफ्रॉटिक सिंड्रोम हा नेहमी आढळणारा आजार. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. घरच्यांना वाटतं, झोप जास्त झाली असेल, नाहीतर काहीतरी चावलं असेल. खरं तर लघवीतून प्रथिनं वाहून जात असतात. औषधाने सूज उतरते, पण आजार अनेकदा वर्षानुवर्षं उलटत राहतो. म्हणून आईला घरीच रोज लघवी तपासायला आणि वहीत नोंद करायला शिकवावं लागतं. ज्या घरात वडील सीमेवर आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलीचं गाव नवं, तिथे ती वही हीच खरी डॉक्टर. एका हुशार डॉक्टरने एक मूल बरं केलं, एवढ्याने भागत नाही. पुढच्या गावी ती वही वाचणारा कोणीतरी बसलेला असावा लागतो. कानिटकरांनी सैन्याच्या रुग्णालयांत या विषयाचे विभाग उभे केले, ते का, हे त्या वहीकडे पाहिलं की समजतं.

पुढे ज्या महाविद्यालयात शिकल्या, तिथेच त्या अधिष्ठाता झाल्या. 29 फेब्रुवारी 2020 ला लेफ्टनंट जनरल झाल्या, पुनीता अरोरा आणि पद्मा बंदोपाध्याय यांच्यानंतर भारतीय सैन्यदलांत त्या उंचीवर पोहोचलेल्या तिसऱ्या महिला. आणि बढतीनंतर काही दिवसांतच करोनाची साथ पसरली. तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांची सांगड घालण्याचं काम तेव्हा त्यांच्या पदाकडे होतं. 2021 मध्ये निवृत्तीनंतर त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ॲलोपॅथी असो, आयुर्वेद असो की परिचर्या, राज्यातल्या आरोग्य शिक्षणाचा मोठा भाग या विद्यापीठाच्या छत्राखाली येतो. रुग्ण, विभाग, दल आणि मग विद्यापीठ. दरवेळी बाक लांबत गेला.

वसईकराला ही लांबी वेगळी समजावून सांगायला नको. माझ्या लहानपणी गंभीर दुखणं म्हणजे "मुंबईला हलवा". म्हणजे खाडी ओलांडायची. रस्त्याने जायचं तर घोडबंदरचा लांब फेरा, नाहीतर लोकलच्या सामानाच्या डब्यात भाजीच्या टोपल्यांशेजारी रुग्णाला आडवं करायचं. 1996 साली वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा आम्हीही त्यांना असंच नेलं. एका कोळणीने आपली टोपली सरकवून त्यांच्या डोक्याखाली स्वतःचा टॉवेल ठेवला. वडील वाचले. पण शेवटची गाडी सुटून गेल्यावर ज्यांना कळ आली, त्यांचं काय झालं असेल, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आला. आठ नंबरचा बिल्ला घेऊन धुसफुसणारे माझे वडील आणि सामानाच्या डब्यात आडवे पडलेले माझे वडील, माणूस एकच. फक्त बाकावरची जागा बदलली होती.

2009 मध्ये विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास निघाली. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. आता रुग्णालयांच्या पाट्या चौकाचौकात आहेत आणि चांगले डॉक्टरही आहेत. तरी 23 एप्रिल 2021 ची पहाट विसरता येत नाही. करोना ऐन भरात असताना विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि आत उपचार घेणारी माणसं गेली. त्या दिवसापासून कुठल्याही रुग्णालयात भेटायला गेलो की मी आधी बाहेर पडायचा जिना शोधतो. जिना मोकळा आहे का, वायरिंग कधी तपासलं, प्राणवायूचा साठा किती, रात्री हजर कोण, या प्रश्नांची उत्तरं स्टेथोस्कोपमधून ऐकू येत नाहीत. ती फायलीत असतात. आणि फाईल उघडणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटत नाही.

सैन्यातली शिस्त जशीच्या तशी गावात आणावी, असं मला म्हणायचं नाही. हुकूम आणि सलाम यांच्यावर दवाखाना चालत नाही. शिवाय वर चढत गेलेल्या डॉक्टरचं काहीतरी सुटतंच. हातांची सवय जाते, रुग्णाचं नाव जाऊन आकडा उरतो. मेजरसाहेबांना रुग्ण आणि बाक दोन्ही सांभाळणं जमायचं, कारण त्यांचा बाक ओटीएवढाच होता. बाराखडी शिकवावी तसं प्रत्येक नव्या अधिष्ठात्याला, अधीक्षकाला आणि आयुक्ताला आधी शिकवायला हवं, की आठवड्यातून एकदा तरी खुर्चीवरून उठून दाराशी या आणि काही न बोलता बाक पाहा.

आपल्यालाही थोडं शिकायला हवं. दवाखान्यात तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला आत नेलं, तर भांडायला उठू नका, नेमकं काय झालंय ते विचारा. पण तासभर बसूनही आतून कोणी बाहेर येऊन बाकाकडे पाहिलंच नाही, तर मात्र जरूर उठा, आणि शेजारी बसलेल्यांसाठीही भांडा.