चार दिवस, अकरा वर्षें

गुणी माणूस आपल्या योग्यतेच्या जागेवरून खालीं उतरतांना दिसला, म्हणजे पाहणाराला हळहळ वाटते. आणि या हळहळींत थोडा मोठेपणाही मिरवून घेतां येतो. 'काय ही तिची योग्यता, आणि काय हें तिचें काम!' असें म्हणणारा मनुष्य आपणांस योग्यतेची पारख आहे, हें न सांगतां सांगत असतो. श्रीमती रोहिणी हट्टंगडी यांच्याविषयीं अशी हळहळ आम्हीं पुष्कळ वर्षें बाळगिली. ती कशी निवळली, त्याची ही हकीकत आहे. वाचकांपैकीं ज्यांना आमच्यासारखी इंग्रजी विद्येची बाधा झाली असेल, त्यांना ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

रोहिणीबाई मूळच्या पुण्याच्या ओक. जन्म १९५१ चा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत इब्राहिम अल्काझी यांच्या कडक शिस्तींत त्यांचें शिक्षण झालें, आणि १९७४ सालीं त्या तेथून बाहेर पडल्या. तेथलेच सहाध्यायी जयदेव हट्टंगडी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या दिग्दर्शनाखालीं त्यांनीं मराठी रंगभूमीवर जें काम केलें, त्यांत लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या 'येर्मा'चें मराठी रूप 'चांगुणा' हें प्रमुख होय. पुढें रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटांत त्या कस्तुरबा झाल्या. हा चित्रपट १९८२ च्या अखेरीस प्रदर्शित झाला, तेव्हां त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें. आणि पडद्यावर त्यांना तरुण पत्नीपासून आगाखान प्रासादांत पतीच्या सान्निध्यांत देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचें आयुष्य उभें करावयाचें होतें. या भूमिकेबद्दल ब्रिटिश अकादमीनें १९८३ सालीं साहाय्यक अभिनेत्रीचा मान त्यांना दिला. मॉरीन स्टेपलटन या अमेरिकन अभिनेत्रीबरोबर तो त्यांना विभागून मिळाला.

तें १९८२ साल आमच्या गांवाच्या इतिहासांतही महत्त्वाचें आहे. त्याच वर्षीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आमचे वडील भोसरीच्या एका कारखान्यांत फिटर होते. चिंचवडास दोन खोल्यांचें बिऱ्हाड, आणि घरांतलें खरें घड्याळ भिंतीवर नसून कारखान्याच्या भोंग्यांत. वडील पहिल्या पाळीस असले, म्हणजे पहांटे पांचाला पोळ्या. तिसऱ्या पाळीस असले, म्हणजे दिवसभर आम्हां मुलांना कुजबुजत बोलण्याची शिक्षा. 'गांधी' आम्हीं शाळेच्या रांगेंतून जाऊन पाहिला. मातोश्रींनीं तो शेजारणींबरोबर पाहिला. घरीं आल्यावर त्या महात्माजींविषयीं अवाक्षर बोलल्या नाहींत. त्यांच्या मनांत एकच प्रसंग राहिला होता. दक्षिण आफ्रिकेंतील आश्रमांत संडास साफ करण्यास कस्तुरबा नकार देतात, आणि संतापलेले गांधी त्यांना दाराकडे ओढीत नेतात, तो. "दारापर्यंत ओढलं, तरी बोलायचं तें बोललीच ती," एवढेंच मातोश्री म्हणाल्या, आणि वडिलांचा डबा भरूं लागल्या.

त्यानंतर हिंदी चित्रपटसृष्टीनें रोहिणीबाईंना फार लवकर म्हातारें करून टाकिलें. 'सारांश' (१९८४) मध्यें ऐन तिशींत त्या एका निवृत्त मराठी शिक्षकाची पत्नी झाल्या; मुलगा गमावलेली, तो कोणाच्या तरी पोटीं पुन्हां येईल या श्रद्धेवर जगणारी. 'अग्निपथ' (१९९०) मध्यें त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. हे चिरंजीव मातेहून नऊ वर्षांनीं वडील होते! आणि २००१ च्या अखेरीस ई टीव्ही मराठी वाहिनीवर 'चार दिवस सासूचे' नांवाची दैनंदिन मालिका सुरू झाली. रोहिणीबाई तींत आशा देशमुख नांवाच्या सासू, आणि श्रीमती कविता लाड त्यांच्या सून अनुराधा. म्हणीप्रमाणें सासूचे दिवस चारच असावयाचे. ही मालिका जानेवारी २०१३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ चालली, आणि तिचे भाग तीन हजारांवर गेले.

मालिका सुरू झाली तेव्हां आम्ही येथील एका महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापक होतों. एम. ए. झाल्यावर विलायतेस जावें, तेथें डिकन्सवर प्रबंध लिहावा, अशी आमची आकांक्षा होती. शिष्यवृत्तीसाठीं केलेले दोन अर्ज नकार घेऊन परत आले. तिसऱ्यास उत्तरच आलें नाहीं. मग कामगारांच्या मुलांना तेंच पाठ्यपुस्तक, त्याच फळ्यापुढें, दरवर्षीं शिकविणें आमच्या वांट्यास आलें. आपण मोठ्या कामासाठीं जन्मलों आणि रोजच्या कामांत वायां गेलों, ही भावना ज्याच्या मनांत घर करून असते, त्याला दुसऱ्याचेंही रोजचें काम पाहवत नाहीं. लंडनच्या सन्मानाची मानकरी जेव्हां रोज संध्याकाळीं आमच्या बाहेरच्या खोलींत सासूपणा करूं लागली, तेव्हां ती आम्हांला आमचीच विटंबना वाटली. मालिकेचें शीर्षकगीत सुरू झालें, कीं आम्ही आंतल्या खोलीचें दार लोटून घेत असूं.

"अरे, बैस जरा. कस्तुरबा आहे ती," मातोश्री बाहेरून म्हणत.

"होती," आम्ही आंतून उत्तर देत असूं.

आमच्या सौभाग्यवती तेव्हां चाकणच्या एका कारखान्याच्या कचेरींत हिशेबाचें काम पाहत. महिनाअखेरीस त्यांना परतण्यास रात्र होई. अशाच एका रात्रीं मुलाला ताप चढला होता, आणि त्या दारांत पाऊल टाकतात न टाकतात तोंच मातोश्री बोलून गेल्या, "पोराला ताप, आणि आई चाकणाला!" सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्या दुसऱ्या दिवशींही बोलल्या नाहींत. आठ दिवस घरांत भांडीं तेवढीं बोलत होतीं. आम्हीं काय केलें? आम्ही दोघींच्या मध्यें पडलों नाहीं, आणि या भित्रेपणास तटस्थता असें नांव देऊन उत्तरपत्रिका तपासीत बसलों.

नवव्या दिवशीं मालिका लागली होती. पडद्यावरही कसलासा अबोला चालला असावा. संवाद थांबले होते, आणि नुसतें संगीत ऐकूं येत होतें. मातोश्रींचा आवाज आला. "चुकलीच हो ही सासू. कळतंय तिला. तोंडानं म्हणवत नाहीं, एवढंच."

थोडा वेळ मेथीच्या काड्या मोडल्याचा तेवढा आवाज होत राहिला. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "सुनेला कळलंय तें, आई."

आमच्या हातांत त्या वेळीं एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका होती. डिकन्सच्या कादंबऱ्या प्रथम अंकाअंकांनीं प्रसिद्ध होत, त्याचा त्यांच्या कथानकावर काय परिणाम झाला, असा प्रश्न आम्हींच घातला होता. गरीब मुलानें पाठ केलेलें उत्तर उतरून काढिलें होतें. वाचकांना पात्रें आपल्या घरचीं वाटूं लागत. एक अंक संपला, कीं दुसऱ्याची वाट पाहत ते त्यांच्याविषयीं आपसांत बोलत. असें त्यांत लिहिलें होतें. तें उत्तर वर्गांत आम्हींच सांगितलें होतें. दहा वर्षें सांगत होतों. बंद दाराच्या या बाजूस बसून सांगत होतों, एवढेंच.

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाहीं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी प्रथम 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आली. आणि तिचाही विषय घर, सासर आणि त्यांत कोंडलेली बाई हाच होता. ज्या इंग्लंडाकडे आमचे डोळे लागले होते, तेथें तर 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका १९६० च्या डिसेंबरांत सुरू झालेली आहे, आणि साठ वर्षें उलटलीं तरी थांबलेली नाहीं. जीन अलेक्झांडर या अभिनेत्रीनें तींत १९६४ पासून १९८७ पर्यंत हिल्डा ऑग्डेन नांवाच्या मोलकरणीची भूमिका केली. तेवीस वर्षें एकच बाई! राजकवी जॉन बेट्जमन या मालिकेचे निस्सीम चाहते होते. राजकवीला जी गोष्ट कमीपणाची वाटली नाहीं, ती चिंचवडच्या अध्यापकाला वाटावी, हा आमच्या विद्वत्तेचा विशेष म्हणावयाचा. अशा मालिकांना इंग्रजींत साबणावरून नांव पडलें आहे. कारण अमेरिकेंत १९३० नंतरच्या काळांत दुपारच्या नभोवाणी-मालिकांचा खर्च साबणाचे कारखानदार करीत. नांव हिणविण्यासाठींच पडलें. पण साबण ही रोज लागणारी वस्तु आहे, हें हिणविणारे विसरले.

आम्ही मालिकांचे भाट झालों आहोंत, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. मालिकेचें कथानक रबरासारखें ताणलेलें असतें. एक वाक्य उच्चारलें जातें, आणि तें ऐकणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा तीन-तीन वेळां दाखवून ढगांचा गडगडाट होतो. कारस्थानें करणाऱ्या बायका झोपेंतही दागिने उतरीत नाहींत. प्रेक्षकांची मोजदाद आठवड्याच्या आठवड्याला होते, आणि त्या आंकड्यावर पात्रांचें मरण-जगणें अवलंबून राहतें. हें सारें खरें आहे. प्रश्न असा, कीं अशा पसाऱ्यांत उभी राहणारी शिकलेली नटी तेथें काय करते?

त्या संध्याकाळनंतर आम्ही दार अर्धवट उघडें ठेवूं लागलों, आणि पुढें पुढें खुर्ची बाहेर नेऊं लागलों. एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. भोंवतालीं सगळे आवाज चढवीत असतां रोहिणीबाई पुष्कळदां तो उतरवीत. उत्तर देण्यापूर्वीं त्या समोरच्याचें ऐकत. नुसत्या आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट पाहत नसत. सासू कठोर होई, तेव्हां तिच्या कठोरपणाखालीं भय आहे, घर हातांतून निसटण्याचें भय आहे, हें दिसे. आमच्या मातोश्रींना स्वतःचा अपराध पडद्यावर टाकून बोलतां आला, तो ही जागा नटीनें मोकळी ठेविली होती म्हणून. पडद्यावरची सासू नुसती दुष्ट असती, तर कोणती सासू तिच्याकडे बोट दाखवून 'कळतंय तिला' असें म्हणाली असती?

शिवाय हिशेब करून पाहावा. जाहिराती वजा जातां एका भागांत वीस-बावीस मिनिटें उरतात. तीन हजार भाग म्हणजे हजार तास. 'गांधी' संबंध चित्रपट तीन तास अकरा मिनिटांचा, आणि त्यांत कस्तुरबांचा वांटा थोडा. नाटकाला महिनाभर तालीम मिळते. दैनंदिन मालिकेंत पुष्कळदां सकाळीं हातांत पडलेलें वाक्य दुपारीं बोलावयाचें असतें, आणि दिवस दहा-बारा तासांचा. कारखान्याच्या गांवांत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. आमच्या वडिलांनीं तीस वर्षें एकाच मापाचे भाग घासले. त्यांतील एखादा भाग चुकला असता, तर कोठेंतरी एक यंत्र अडलें असतें. एकही चुकला नाहीं, म्हणून त्यांचें नांव कोणाला ठाऊक झालें नाहीं.

डिसेंबर २००८ मध्यें जयदेव हट्टंगडी निवर्तले. मालिका चालूच होती. त्या दिवसांत मातोश्री पडद्याकडे निराळ्या नजरेनें पाहत असत. वडील जाऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं. "घरीं बसून काय करील ती?" असें त्या एकदां म्हणाल्या. कोणाविषयीं म्हणाल्या, हें आम्हीं विचारिलें नाहीं.

मातोश्री २०११ च्या पावसाळ्यांत गेल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांना ऐकूं येईनासें झालें होतें, म्हणून पलंग बाहेरच्या खोलींत हलविला होता. चेहऱ्यांवरून त्यांना कथा समजे. त्या गेल्यानंतरही मालिका दीड वर्ष चालली, आणि चाकणाहून परतलेल्या सौभाग्यवती ती पाहत राहिल्या. जानेवारी २०१३ मध्यें शेवटचा भाग लागला, तेव्हां आम्ही दोघें बसलों होतों. त्यांत काय झालें, हें आज आम्हांला नीट सांगतां येणार नाहीं. आमचें लक्ष पलंगाच्या रिकाम्या जागेकडे होतें. तेथें येऊन बसण्यासाठीं आम्हांला अकरा वर्षांत किती वेळां हांक आली असेल, याचा हिशेब मात्र करवला नाहीं.

त्याच वर्षीं 'होणार सून मी ह्या घरची' ही दुसरी मालिका सुरू झाली, आणि रोहिणीबाई तींत 'आईआजी' झाल्या. पहिल्याच आठवड्यांत सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतून हांक मारली, "आलांत का? सुरू झालं. आजेसासू झाली हो ती आतां."

आम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आलों. त्यांत डिकन्सवरचा तोच प्रश्न होता.