ठिपके मोजताना

२०२० च्या एप्रिलमध्ये नवऱ्याला कोविड झाला. केंब्रिजमध्ये मिल रोडजवळ आमचं एका बेडरूमचं घर. वेगळं झोपायचं कुठे? बारा दिवस त्याचा खोकला उशाशी घेऊन झोपले. मला एक दिवस डोकं जड झालं, तेवढंच. जूनमध्ये अँटीबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली आणि मी सांगलीला फोन करून आईला ठणकावून सांगितलं, "मला झालाच नाही. विषाणू माझ्या अंगात शिरलाच नाही."

प्रतिकारशक्तीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बाईनं असं बोलू नये. पण या गावाचा अँटीबॉडीवर जरा जास्तच जीव आहे. एकाच जातीच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या तयार करायची युक्ती मिल्स्टाइन आणि कोलर यांनी १९७५ साली इथेच शोधली, १९८४ मध्ये नोबेल मिळवलं. अँटीबॉडी नाही म्हणजे विषाणूशी गाठच पडली नाही, असं मीही धरून चालले. त्याच ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेचा निबंध आला: रुग्णांच्या घरातल्या काही माणसांच्या रक्तात अँटीबॉडी नव्हत्या, पण हा विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी होत्या.

झालं, मी दुसऱ्या टोकाला गेले.

आमच्याकडे स्वयंसेवकांचं रक्त गोळा करत होते, मीही दिलं. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. तो मी वाचला आणि लक्षात ठेवला. तेव्हा यात काही लबाडी आहे असं वाटलंही नाही.

चाचणी अशी: शहाण्णव खाचांची प्लेट, एकेका खाचेत दोनेक लाख पेशी, वर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे. जी टी-पेशी तुकडा ओळखते ती इंटरफेरॉन सोडते आणि रंग दिल्यावर तिच्या जागी एक ठिपका उमटतो. (तो पकडायलाही अँटीबॉडीच लागते, मिल्स्टाइनसाहेबांच्याच वंशातली.) शेजारच्या खाचेत तुकडे घालत नाहीत; तिथले ठिपके वजा करायचे.

ठिपके यंत्र मोजतं, पण अंधुक ठिपक्यांचा निवाडा माणूस करतो. इतरांच्या प्लेटवर मी कंजूष. माझा क्रमांक आल्यावर मात्र काठाला चिकटलेली धूसर छटासुद्धा ठिपका म्हणून धरली. एकतीस! शेजारच्या कोऱ्या खाचेत एकोणीस होते, ते "धूळ असेल" म्हणून सोडून दिले. सहकाऱ्यानं क्रमांक न बघता पुन्हा मोजले: बावीस आणि एकोणीस. उरले तीन. कोऱ्या खाचेतच इतके ठिपके असलेला नमुना बादच करायचा असतो, तसा तो झाला. मी मान डोलावली. क्रमांक मला माहीत होता हे काही मी बोलले नाही. मनात एकतीसच राहिले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं काम छापून आलं. पहिल्या लाटेत सतत निगेटिव्ह राहिलेल्या आरोग्यसेवकांमधल्या काहींच्या टी-पेशी विषाणूच्या पॉलिमरेजवर वाढलेल्या दिसल्या. हे प्रथिन सर्दीच्या कोरोनाविषाणूंमध्येही बरंचसं सारखं असतं, त्यामुळे अशा पेशी आधीपासून असू शकतात. संसर्ग मूळ धरण्याआधीच मोडला असावा, असा त्यांचा कयास. मी तो निबंध कुंडली वाचावी तसा वाचला. बूस्टरची अपॉइंटमेंट पुढे ढकलली, मास्क खिशात गेला. टी-पेशी विषाणूला दारात अडवत नाहीत, तो ज्या पेशीत शिरला ती पेशीच मारतात, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते.

नाताळाच्या आठवड्यात पट्टीवर दोन लाल रेघा उमटल्या. आईच्या पंचाहत्तरीसाठी काढलेलं विमानाचं तिकीट रद्द केलं. या खेपेला तापानं मी चार दिवस अंथरुणाला खिळले होते आणि नवरा माझ्यामुळे आजारी.

"आणि तुझ्या त्या पेशी गं?" आईनं फोनवर विचारलं.

मी तिला एकोणीस ठिपक्यांची गोष्ट सांगितली. तोवर ती कुणालाच सांगितली नव्हती.