चेमुलच्या वाऱ्यावर

गणपती जाऊन आठवडा झाला होता. पनवेलच्या स्टँडवरून सकाळची अलिबाग एसटी सुटली, पळस्पे फाटा मागे पडला आणि कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून वर आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग. त्याचे पांढरे तुरे अजून झडले नव्हते.

या सागासाठीच खिडकीची जागा धरली होती. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं बंदर वाळूत गाडलं गेलं आहे. तिथल्या उत्खननात सागाची लाकडं निघाली. मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या लोकांनी इमारतींना वापरल्या असाव्यात. साग इजिप्तमध्ये उगवत नाही. तो आपल्या बाजूनं गेलेला. सेरापिस देवाच्या मंदिरात भारतीय घडणीचा एक मोठा रांजण सापडला, त्यात साडेसात किलो काळी मिरी!

इजिप्त म्हटलं की आपल्याला पिरॅमिड आठवतात. कोकणाशी ज्याची ओळख झाली तो इजिप्त त्यानंतरचा: रोमच्या सत्तेखालचा, ग्रीकमध्ये हिशेब लिहिणारा, तरीही आयसिस देवीला भजणारा.

पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. तिथं गाडी बदलून नागावमार्गे चौल.

उतरल्यावर दोन्हीकडे नारळ-पोफळीच्या वाड्या, ओल्या मातीचा वास, आणि इथं कधी मोठं बंदर होतं असं सांगणारं डोळ्यांना काही नाही. सांगतात ती पुस्तकं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ ही सागरी वाटाड्याची वही लिहिली. तिच्यात सोपारा, कल्याण आणि पुढे ‘सेमिल्ला’ म्हणजे चौल येतं. कल्याणचे तेव्हा हाल होते. ग्रीक जहाज चुकून तिथं शिरलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं याच बंदराला ‘सिमिल्ला’ म्हटलं आणि जोडीला लिहून ठेवलं, की तिथले लोक त्याला ‘तिमूला’ म्हणतात. हे त्याला जाऊन आलेल्या माणसांनी सांगितलं होतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपलं गाव ‘चेमुल’ असं कोरलं आहे. कोकणातल्या गावाचं तोंडी नाव अलेक्झांड्रियाच्या भूगोलकारापर्यंत पोचलं, याचा मला फार आनंद वाटतो.

रामेश्वराच्या देवळापुढे पुष्करणी आहे. आत मंडपात तीन कुंडं बुजवून ठेवलेली: पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. पाऊस दडी मारतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची इथली रीत. देऊळ त्या जुन्या काळातलं नाही, पण वायुकुंडापाशी पाय थबकलेच. ज्या बंदराचं पोटपाणी वाऱ्यावर चालायचं, त्याच्या ग्रामदेवाच्या अंगणात वाऱ्यालाही जागा आहे.

जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून अरबी समुद्र ओलांडत आणि आपल्या किनाऱ्यावरचं तुफान ओसरता ओसरता, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, इथं पोचत. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, त्यामागचं गणित तेच. इथं उतरणारा माल म्हणजे द्राक्षमद्य, पोवळं, तांबं, काच. देशावरून पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचं कापड गाड्यांत भरून भडोचकडे जाई.

हिंगलाजच्या टेकडीवर चढून गेलं की कातळात कोरलेली बौद्ध लेणी लागतात. लहानशा खोल्या, ओलसर भिंती, बाहेर वाड्यांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र. इथं बसल्यावर बेरेनिकेचा बुद्ध आठवणं अटळ होतं. 2022 साली तिथल्या आयसिसच्या मंदिरात 71 सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. उजवं अंग तुटलेलं, मस्तकामागे किरणांचं प्रभामंडळ, शेजारी कमळ. त्याच मंदिरात रोमन सम्राट फिलिपच्या काळातला, म्हणजे इ. स. 244 ते 249 मधला, एक संस्कृत लेखही निघाला. आणि बेरेनिकेतच दोन सातवाहन नाणी मिळाली. पैठणच्या राजांचं नाणं कमरेला बांधून कुणीतरी तांबड्या समुद्रापर्यंत गेलं होतं. तो माणूस चेमुलचा होता की सोपाऱ्याचा, नाण्यावरून कळत नाही. माझ्या मनात मात्र तो या टेकडीच्या पायऱ्या उतरूनच गेला.

दुपारनंतर रेवदंड्याला, कुंडलिकेच्या मुखाशी आलो. दोन होड्या डोलत बाहेर पडत होत्या. एका होडीवर तांडेल उभा, मागे जाळ्याचा निळा ढीग. वारा अजून समुद्राकडूनच येत होता. परतीच्या जहाजांना तो फिरेपर्यंत, डिसेंबर-जानेवारीपर्यंत, थांबावं लागे. मला शेवटची एसटी होती सव्वापाचची.