भीमेच्या काठी पाखरांचा शेजार

वाचकहो, पौष महिन्यात जुन्नरहून निघून कुकडी, घोड आणि भीमा या तीन नद्यांच्या काठाकाठाने मंगळवेढ्यापर्यंत एकदा जाऊन या. देवदर्शनाला म्हणून जा, सोयरिकीला म्हणून जा, की हुरडा खायला म्हणून जा. पण डोळे उघडे ठेवून जा. या वाटेवर माणसाच्या घराशेजारी आणि शेतात राहणारे जितके म्हणून बिनभाड्याचे भाडेकरू आहेत, ते सगळे तुम्हाला भेटतील. कोणी दाणा खातो, कोणी कोंबडी नेतो, कोणी कणगी पोखरतो. त्यांच्याशी लोक कसे निभावतात हे पाहावे, म्हणजे आपल्या घरी काय करावे ते उमगते. कृषी विस्ताराच्या नोकरीमुळे ही वाट माझ्या पायाखालची झाली आहे. त्या वाटेवर जे पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात जुन्नरची. शिवनेरीच्या पायथ्याशी उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की हिरवा ऊस नजर पोहोचेल तेथवर दिसतो. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी आले आणि जिथे बाजरी व्हायची तिथे बारमाही बागाईत झाली. उसाबरोबर बिबट्याही आला. त्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे जंगलच. आडोसा आहे, पाणी आहे, आणि खायला कुत्री, डुकरे, शेळ्या आहेत. उसात जन्मलेल्या पिलाला डोंगर ठाऊकच नसतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे खरे, पण धरून आणावेत तरी किती?

या भागातल्या जाणत्या घरांची राहणी मुद्दाम पाहा. गोठ्याला नुसते कूड नाही, चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी आहे, दाराला आतून अडसर आहे. अंगणात रात्रभर दिवा जळतो. घराला लागून ऊस लावलेला नाही, मधे मोकळी जागा सोडली आहे. शिळे अन्न आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकत नाहीत, कारण उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. संध्याकाळनंतर लहान मूल एकटे परसात जात नाही. बाईमाणूस पहाटे बाहेर निघाले, तर सोबत माणूस आणि हातात बॅटरी असते. उसात वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, म्हणून दोघा-तिघांनी मिळून, बोलत-चालत काम करावे. तोडणीत पिले सापडली तर उचलून घरी आणू नका. पिले जागच्या जागी ठेवून लांब व्हा आणि वन खात्याला कळवा. आई रात्री येऊन घेऊन जाते. पिले हलवली, तर तीच आई चवताळून वस्तीभोवती फिरते. यातली एकही गोष्ट पैशाची नाही, शिस्तीची आहे. आणि शिस्त सुटते तिथेच घात होतो.

पुढे शिरूर तालुक्यात आलात, की चिंचोली मोराची या गावी थांबा. चिंचेची जुनी झाडे आणि मोर, या दोहोंवरून गाव ओळखले जाते. सकाळी कौलावर, बांधावर, गोठ्याच्या वळचणीला मोर दिसतात. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. त्याला मारणे हा मोठा गुन्हा. पण पाहुण्याला जो पिसारा दिसतो, तो शेतकऱ्याला वेगळा दिसतो. उगवता हरभरा, भुईमुगाचे कोंब, मिरची, टोमॅटो, यांवर मोर चोच मारतोच.

मग इथले लोक काय करतात? एक म्हणजे, त्याला रोज हुसकावून जीव दमवत नाहीत. ज्या आठ-पंधरा दिवसांत पीक कोवळे असते, तेवढेच दिवस राखण कडक ठेवतात. रोपवाटिकेवर जाळी घालतात. जाळी नसेल तर जुने लुगडे बांबूवर ताणतात. दुसरे, उन्हाळ्यात गावाच्या एका अंगाला पाणी आणि मूठभर दाणे ठेवतात, म्हणजे तहानलेला मोर परसातल्या भाजीत शिरत नाही. मोर किडे खातो, लहान सापही खातो. हिशेब सगळा तोट्याचा नाही, आणि हल्ली मोर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणखाणावर काही घरांना चार पैसेही मिळतात.

आता घराच्या आत या. घोड नदी भीमेला मिळते त्या पट्ट्यात जुनी माळवदाची घरे अजून टिकून आहेत. अशा घरात खरा चोर मोर नव्हे, उंदीर होय. एक उंदीर खातो थोडे, पण नासवतो फार. लेंड्या आणि मूत यांनी धान्य बाटते, आणि उंदरामागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कोणाला कळत नाही. म्हणून पावसाळ्यात बाजेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. सरपण आणि गोवऱ्या भिंतीला चिकटून रचू नका. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, जखम कापू नका, आवळून बांधू नका. माणसाला न चालवता थेट सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावर प्रतिविष हेच औषध आहे. धामण मात्र बिनविषारी आणि उंदरांची शत्रू, तिला काठी मारू नका.

उंदरांचा दुसरा शत्रू गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, पडक्या वाड्यात किंवा देवळाच्या शिखरात राहणारा हा पक्षी. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणारे पुष्कळ आहेत. वास्तविक रात्रभर फुकट राखण करणारा असा गडी शोधून मिळणार नाही. घुबडाची जोडी पिलांना उंदीरच भरवते. लक्ष्मीचे वाहन घुबड का, याचे उत्तर मला तर कणगीतच दिसते. म्हणून शेतात बिळे बुजवून, उघडी राहतील त्याच बिळांत आमिष घाला, आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर राखणदारच मरतो. घरात विष नकोच. सापळा लावा, कणगी जमिनीपासून हातभर उंच ठेवा, दाराखालची फट पत्र्याने बंद करा.

भिगवणला पोहोचाल तेव्हा दिवस कलता असू द्या. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी इथवर पसरते. हिवाळ्यात पाण्यात रोहित उभे असतात, आणि आभाळात भोरड्या. भोरडी म्हणजे अंगाने गुलाबी, डोके-पंख काळे अशी साळुंकीची चुलत बहीण. मध्य आशियातून त्या पावसाळ्याच्या शेवटी येतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात धुराच्या लोटासारखा वळतो, दुमडतो, पसरतो आणि एकदम बाभळीत उतरतो. पाहणारा खुळावून जातो. पण जवळच ज्वारी राखणाऱ्या एखाद्या बाईला विचारा. ती म्हणेल, "साहेब, तुमचं बघणं होतं, आमचं कणीस रितं होतं."

तिचे खोटे नाही. थवा उतरला, तर दुधात आलेल्या ज्वारीचा तुकडा बघता बघता मोकळा होतो. तरीही याच भोरड्या टोळ आणि नाकतोडे यांच्या वैरी आहेत. चीनमध्ये शिंच्यांग भागात टोळांवर उपाय म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. आपल्याकडेही साळुंकी आणि कोतवाल हरभऱ्यातली घाटेअळी टिपतात. म्हणून हरभऱ्यात एकरी आठ-दहा पक्षीथांबे लावा, किंवा पेरताना हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाका. त्या ताटांवर पाखरे येऊन बसतात. एकच पाखरू एका रानात मजूर आणि दुसऱ्या रानात चोर, असा हा मामला आहे.

इंदापूर सोडून भीमेच्या काठाने खाली जाताना रात्री उसाकडून डबे वाजल्याचा आवाज येतो. ती रानडुकरांची राखण. इथे एक गोष्ट तुम्हाला हात जोडून सांगतो. डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत घरगुती वीज कधीही सोडू नका. रात्री पाण्याची पाळी असते. मोटार सुरू करायला शेजारी येतो, आपलाच पोरगा येतो, किंवा तार सोडलेली विसरून आपण स्वतःच जातो. अशा तारांनी महाराष्ट्रात किती तरी घरे उजाड झाली आहेत, आणि तार सोडणारा पुन्हा तुरुंगाची वाट धरतो. डुकराने खाल्लेला मका पुढच्या हंगामात पुन्हा येईल, माणूस येणार नाही. कणकेच्या गोळ्यात घातलेले गावठी बारही तसेच; ते आपल्याच गाईच्या तोंडात फुटतात. कुंपणच हवे असेल, तर सौरऊर्जेवरचे झटका मशीन चांगल्या प्रतीचे घ्या. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. दोघा-चौघांत मिळून घेतले तर परवडते. मात्र त्या तारेला घरची वीज जोडायची नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एवढेही जमत नसेल, तर बांधाभोवती जुन्या साड्या बांधा आणि राखण करा.

पंढरपूर ओलांडून वीस-पंचवीस किलोमीटरवर मंगळवेढे. काळीभोर, भेगाळणारी जमीन आणि नुसत्या ओलीवर येणारी ज्वारी. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ या मातीत मोत्यासारखी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुष्काळात कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. याच भीमेला मिळणाऱ्या इंद्रायणीकाठच्या तुकोबांनी राखणीला बसून पाखरांना दाणे खाऊ दिले, अशीही कथा आपण ऐकतो. कथा गोड आहे. पण आज बियाणे, खत आणि सोसायटीचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला तुकोबा हो म्हणून भागत नाही.

राखण करायची तर ती हिशेबाने करा. पाखरे दिवसभर सारखी येत नाहीत. सकाळी उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि संध्याकाळी मावळतीआधी दोन तास, हे त्यांचे जेवणाचे वेळापत्रक. नेमके तेवढेच तास माळ्यावर गोफण घेऊन माणूस असला, तर बरेच पीक वाचते. दुपारी त्याला दुसरे काम करू द्या. चमकती फीत पीळ देऊन, पिकाच्या वर हात-दीड हात राहील अशी ताणा. वाऱ्याने ती लकाकते आणि घुमते. पण एकच युक्ती पाखराला आठवडाभरात ओळखीची होते, म्हणून फीत, डबा, बुजगावणे यांची जागा बदलत राहा.

सगळ्यात मोठा उपाय मात्र एकट्याचा नाही. गावात शंभर एकर ज्वारी एकदम दुधात आली, तर पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जातो. एकट्या शेतकऱ्याने आगाप किंवा मागास दोन एकर केली, तर सगळा थवा त्याच्यावरच उतरतो. त्याचे पीक जाते, पुढच्या वर्षी तो ज्वारी सोडतो, मग दुसऱ्यावर पाळी येते. कितीतरी गावांतून ज्वारी अशीच उठली, आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. म्हणून भाद्रपदात पारावर बसा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोला आणि एकाच वाणाची, एकाच आठवड्यात, सलग पेरणी ठरवा. राखणीच्याही पाळ्या लावा. म्हणजे पाखरांपायी कोणाच्या पोरीला शाळा सोडून माळ्यावर बसावे लागणार नाही. माझ्या मते सगळ्या नुकसानीत हे नुकसान सर्वांत महाग आहे. ते पंचनाम्यात येत नाही.

पंचनाम्यावरून सांगतो. रानडुक्कर, हरीण अशा वन्यप्राण्यांनी पीक नासले किंवा बिबट्याने जनावर मारले, तर सरकारी भरपाई आहे. विलंब न करता लगेच वन खात्याकडे अर्ज द्या, फोटो काढून ठेवा, सातबारा जवळ ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नका. वन खात्याचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

मंगळवेढ्याला एखाद्या शेतात आगटीजवळ बसून कोवळा हुरडा खाऊन पाहा. शेंगदाण्याची चटणी असेल, वर भोरड्यांचा कलकलाट असेल, आणि माळ्यावरून घरची बाई "हाऽ हाऽ" करीत गोफण फिरवीत असेल. तिचा दगड पाखराला लागत नाही. तिला तो लावायचाही नसतो. थवा उठून पुढच्या रानात जातो, तिथली जाऊबाई उठते. अशी ती राखण सांजेपर्यंत बांधाबांधाने सरकत जाते. यंदा तुमच्या गावी पेरणीआधी ही बैठक झाली, तर तिच्यात पुरुषांबरोबर राखण करणाऱ्या बायकांनाही बोलवा. पाखरांची वेळ त्यांनाच ठाऊक असते.