खर्चिक माणसाच्या घरात

थेऊरच्या चिंतामणीला पुण्यातून वर्षभर माणसांची ये-जा असते. चतुर्थीला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. थोरले माधवराव पेशवे याच चिंतामणीच्या पायाशी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले. वय अवघं सत्तावीस, शरीर क्षयानं पोखरलेलं. त्या आजारपणात त्यांनी नऊ कलमांची एक यादी लिहवून घेतली आणि आपल्यामागे ती पाळली जावी म्हणून आप्तांकडून शब्द घेतला. त्यात कर्जाचं कलम आहे: दौलतीवरचं कर्ज फेडून टाकावं. राक्षसभुवनावर निजामाला हरवणाऱ्या आणि हैदरला नमवणाऱ्या या माणसाला मरणाच्या दारातही सावकारांची देणी विसरता आली नाहीत.

हे कर्ज एका दिवसात चढलं नव्हतं. थोरल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतही सावकारांच्या तगाद्याची कळ आहे. पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो राघोबादादांचा प्रसंग. १७५८ मध्ये दादांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या. मराठी माणूस आजही त्या पराक्रमाचं नाव अभिमानानं घेतो. दादा पुण्याला परतले तेव्हा मात्र खजिन्यात भर पडण्याऐवजी ऐंशी लाखांच्या घरातलं कर्ज झालेलं होतं. दौलतीचा हिशेब सदाशिवरावभाऊ बघत. त्यांनी चुलतभावाला जाब विचारला. दादा चिडले आणि म्हणाले, पुढच्या स्वारीला तुम्हीच जा, म्हणजे कळेल. ही हकीकत इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवली आहे. उत्तरेच्या पुढच्या मोठ्या मोहिमेवर खरोखरच भाऊ गेले, आणि ती मोहीम पानिपतावर संपली. पानिपताची कारणं पुष्कळ आहेत, ती एका घरगुती वादावर ढकलता येणार नाहीत. पण तो वाद कुठल्याही घरात घडण्यासारखा आहे. एकानं उदार हातानं खर्च करायचा, दुसऱ्यानं वही उघडायची, आणि वही उघडणारा घरात वाईट ठरायचा.

पुढे सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले आणि हेच राघोबादादा काका म्हणून त्यांच्या वाट्याला आले. समझोते झाले, कर्जाचा भार उचलला गेला, पुन्हा बेबनाव झाला. शेवटी जून १७६८ मध्ये धोडपला काका-पुतण्यांची लढाई झाली आणि दादांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावं लागलं. दादांच्या आणि माधवरावांच्या भांडणात सत्तेचा भाग मोठा होता हे खरं. तरी त्या सगळ्या कागदपत्रांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. दुसऱ्याचं कर्ज फेडून त्याची खर्चाची सवय फिटत नाही. कर्ज एकदाचं फिटतं, सवय मात्र पुढच्या हंगामाला पुन्हा दारात उभी असते.

आमच्याच घराचं बघते. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, हात सढळ. पाहुणा आला की श्रीखंड-पुरी झालीच पाहिजे, भाचीचं लग्न म्हटलं की पैठणी आलीच, गणपतीत आरास पेठेतल्या मंडळाच्या तोडीची. महिनाअखेरीस किराणावाल्याची वही आईच्या हातात पडायची. अण्णा गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत जमलेली गर्दी बघून मला कळलं, की या माणसानं पैसा उडवला नव्हता, माणसांवर लावला होता. पण त्या गर्दीतल्या कुणालाही माहीत नव्हतं, की माझ्या अकरावीच्या फीसाठी आईनं बांगड्या गहाण टाकल्या होत्या. ही दोन्ही सत्यं एकाच घरात राहत होती. म्हणून खर्चिक माणसाला सरसकट बेजबाबदार म्हणणं मला जमत नाही. त्याच्या खर्चात पुष्कळदा माया असते. कधी लहानपणच्या ओढगस्तीचा वचपा असतो, कधी चारचौघांत मान खाली जाईल ही भीती असते. त्यातली माया ओळखून खर्चाला मर्यादा घालणं, हेच अवघड काम आहे.

चांगल्या कामासाठी केलेला खर्चसुद्धा घराला जड जाऊ शकतो. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये त्यात घातले. पुढे पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. त्या काळी पाच हजार म्हणजे एका कुटुंबाचं उद्याचं सगळं बळ. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनी संसाराची ती ओढाताण सोसली, आणि 'माझे पुराण' या आत्मकथनात आपली बाजू मोकळेपणानं मांडली. कर्व्यांच्या त्यागापुढे आपण सगळे नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. पण ज्या घरातून तो त्याग झाला, तिथं चूल पेटवणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. पैसा कशावर गेला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो विचारून गेला की न विचारता, हेही महत्त्वाचं.

विचारलं जात नाही, म्हणून बायका पैसे लपवतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतल्या बायकांनी अशीच बचत केली. डाळीच्या डब्यात, देवघराच्या फळीमागे, जुन्या शालूच्या घडीत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ही सगळी गुपितं एकदम उजेडात आली. आमच्या इमारतीतल्या एका काकूंबरोबर मी टिळक रस्त्यावर बँकेच्या रांगेत उभी होते. त्यांनी नोटा तांदळाच्या पिंपात ठेवल्या होत्या, पोरकिडे लागू नयेत म्हणून घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात. पर्स उघडली की तो कडवट वास यायचा. घरी काका एवढंच म्हणाले होते, "एवढे होते तर मागच्या वर्षी मला व्याजानं का काढायला लावलेस?" काकू रांगेत हळूच मला म्हणाल्या, "सांगितलं असतं तर उरलेच नसते गं." मला दोघांचंही पटलं, आणि तेच जास्त लागलं. काकूंनी पैसे वाचवले, पण त्यांवर कधी व्याज मिळालं नाही. अडीअडचणीला ते उघडपणे काढताही आले नाहीत, आणि बाहेर आले तेव्हा नवऱ्याच्या मनात किंतू ठेवून गेले. लपवलेल्या बचतीचा दोष मी त्या बायकांना देणार नाही, त्यांना दुसरा रस्ता कुणी ठेवला नव्हता. आज आपल्यापाशी रस्ता आहे. आपली शिल्लक वेगळी ठेवावी, आणि ती वेगळी आहे हे घरात उघड सांगावं.

वेगळी ठेवणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. पगार झाला त्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात गेली पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याच्या खर्चिक घरात काही उरत नाही. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, हे खातं मला यासाठी फार मोलाचं वाटतं. वर्षाला किमान पाचशे आणि कमाल दीड लाख, मुदत पंधरा वर्षं, आणि मधेच कुणी म्हणालं "काढून दे" तर नियमच हात धरतो. शिवाय दिवाणी न्यायालयाच्या हुकमानंही त्यातली रक्कम घेणेकऱ्यांना जप्त करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा, १८७४ चा, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदाही असाच उपयोगी आहे. नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे उतरवला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीच राखली जाते. नवऱ्याचे सावकार सहसा तिला हात लावू शकत नाहीत. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं. ज्या घरात धंद्याचं किंवा हौसेचं कर्ज डोक्यावर असतं, तिथं या एका कागदाची किंमत फार मोठी आहे.

आताचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, ही नवी अडचण आहे. अण्णांचा खर्च किराणावाल्याच्या वहीत उमटायचा. माझा धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो, चांगला कमावतो, आणि त्याचा खर्च फोनमध्ये राहतो. एका संध्याकाळी त्यानं मला कार्डाचं बिल दाखवलं. वर एकूण देणं, त्याखाली किमान देय रक्कम, त्याखाली तारीख. तो दर महिन्याला ती किमान रक्कम न चुकता भरत होता, आणि आपण वेळेवर फेडतो आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं. बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. साडेतीन टक्के म्हणजे लाख रुपये थकले तर महिन्याला साडेतीन हजार, वर्षाला बेचाळीस. किमान रकमेतला मोठा वाटा व्याजातच जातो, आणि मुद्दल आहे तिथंच बसून राहतं. हे त्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

मग त्यानं मला नव्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं. मी नाही म्हटलं. जामीन राहणं म्हणजे नुसतं ओळख पटवून देणं, असं आपल्याकडे अजून समजतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराच्या दारात गेली पाहिजे असं बंधन नसतं. मी त्याला एका कार्डाची रक्कम देते म्हटलं, पण त्याच्या हातात नाही, थेट कार्डाच्या खात्यात, आणि ते कार्ड बंद करायचं या अटीवर. त्यानं ते मान्य केलं, पण मनातून तो दुखावला. त्या भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, आणि चहा न घेताच उठला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तरी तोच निर्णय मी पुन्हा घेईन. माझ्या सहीनं त्याची अडचण चार दिवस पुढे गेली असती, आणि माझ्या मुलीची शिल्लक त्या सहीमागे गेली असती.

हिशेबी माणसानंही स्वतःकडे बघायला हवं. आपण वाचवतो म्हणून आपण शहाणे, हा ताठा घर मोडतो. प्रत्येक पावती मागणं, भाजीच्या भावावरून टोमणे मारणं, पाहुण्यांसमोर खर्च काढणं यानं खर्चिक माणूस सुधारत नाही, तो लपवायला शिकतो. त्यापेक्षा त्याच्या नावानं दरमहा एक रक्कम काढून ठेवावी, आणि ती त्यानं कशी उडवली हे कधीही विचारू नये. त्या रकमेबाहेर मात्र एक रुपयाही एकट्याच्या मर्जीनं जाऊ नये. माझ्या भावाच्या घरात आता हीच पद्धत आहे. त्याचा हात पूर्ण आखडलेला नाही. परवाच भाच्यांना महागडे बूट घेऊन आला. पण ते त्याच्या वाट्यातून होते, म्हणून वहिनी हसली आणि मीही. शिल्लक टाकायची ती कशासाठी, हेही ठरलेलं असावं. मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपण. नुसता आकडा वाढवत बसणं हाही एक हव्यासच.

माधवरावांच्या यादीकडे मी म्हणूनच आदरानं बघते. मरणाच्या आधी का होईना, त्यांनी देणी कागदावर आणली आणि घरच्यांसमोर मांडली. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही. येत्या पाडव्याला गुढी उभारून झाली की घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसावं. कुणाचं किती येतं, कुणाचं किती देणं आहे, कुणाला किती हौसेला मिळेल आणि किती पैशाला कुणीही हात लावायचा नाही, हे एका कागदावर लिहावं. आवाज चढेल, कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल, तरी कागद पुरा करावा. घरातल्या माणसाचा स्वभाव बदलणं आपल्या हातात नसतं. आपली सही आपल्या हातात असते, ती मायेपोटी करू नका.